सासूबाईंचा ढग

उचलली जीभ लावली टाळ्याला, या कामाला शिक्षण लागत नाही. पण शिक्षण असलं की ते जास्त नीट जमतं, एवढं बेनिडिक्ट सार्फोकडे बघून म्हणता येईल. सार्फो कुमासी शहरात एका सरकारी कचेरीत आकडेवारी विभागात होता. कचेरीतली इतर माणसं फायलीवर डोकं टेकून झोपत, सार्फो आलेखावर टेकून झोपायचा, एवढाच काय तो फरक. पण त्या फरकाचा त्याला फार अभिमान.

त्याची सासू, एनो पोकुवा, गेली. पिकलं पान होतं, गळालं. रडारड झाली, शव शवागारात गेलं आणि घराणं बैठकीत बसलं. एनो तिकडे थंडाव्यात निवांत, आणि इकडे तिच्यापायी माणसं उभी-आडवी धावत होती. अंत्यविधीची तारीख, मैदान, शोकाचं काळं-लाल कापड कुठलं घ्यायचं, वादक कुणाचे, सगळं ठरता ठरता दोन महिने जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला घाईही नव्हती.

घराण्याच्या ममपाँग गावातल्या घराच्या अंगणात ती बैठक भरली. मध्ये बादूमामा. एनोचे सख्खे भाऊ, घराण्याचे वडीलधारे, हातात काठी आणि चेहऱ्यावर कायमचा संशय. विषय निघाला जावयांच्या भेटीचा. दोन जावई, दोघांनी अंत्यविधीच्या दिवशी वाजतगाजत काय आणायचं? थोरली अफ्रा हॅम्बुर्गला. तिचा नवरा ओपोंग फोनवर दिसत होता. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, त्यामुळे ओपोंग सगळ्यांकडे जरा खालून, नाकपुड्यांतून बघत होता.

"आम्ही घोडागाडी आणतोय," ओपोंग म्हणाला. "पांढरी. काचेची. आणि बँड. वाजवणारे सगळे टोप्या घातलेले."

अंगणात "आहा!" झालं. सेरवाने, म्हणजे सार्फोच्या बायकोने, नवऱ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण त्या बघण्यात लग्नापासूनची सगळी वर्षं होती.

"मी... मी ढग आणतो," सार्फो म्हणाला.

"पावसाचा?" बादूमामांनी विचारलं.

"शब्दांचा, मामा." आता मागे फिरायची सोय नव्हती. कचेरीच्या एका शिबिरात तो हे नुकतंच शिकून आला होता, आणि शिकलेलं कुठे वापरायला मिळत नसल्यामुळे ते बाहेर पडायला वाट शोधत होतं. "लोक एनोबद्दल जे लिहितील ते सगळं संगणकात घालायचं. जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा दिसतो, कमी वेळा आला तो लहान. सगळे मिळून ढगासारखा आकार होतो. मग तो भल्यामोठ्या फलकावर छापायचा. माणसांच्या मनात काय आहे ते एका नजरेत कळतं."

"मनात काय आहे ते सगळ्या गावाला दिसणार?"

"हो मामा!"

"धोक्याचं काम दिसतंय," मामा म्हणाले. पण तेवढ्यात फोनमधून ओपोंग फिस्सकन हसला, आणि त्या हसण्याने मामांचं मत फिरलं. परदेशातून हसलेलं त्यांना खपत नसे. "ढग आण," त्यांनी काठी आपटून सांगितलं.

खचाखच भरलेल्या ट्रोट्रो गाडीतून दोघं घरी आली. घरात शिरल्यावर, पायातल्या चपला काढता काढता सेरवाने तोंड उघडलं.

"अहो, आईला मी जेवू घातलं, न्हाऊ घातलं, उठवलं, बसवलं. ते कुणी कुठे लिहिणार नाही, नको लिहू देत. पण त्या दिवशी मैदानावर अफ्राची घोडागाडी येईल, आणि तुमच्या हातातून काहीतरी चोळामोळा झालेलं निघालं तर मी तोंड कुठे लपवू? आईची शान राखा. एवढंच मागते."

"अगं, शास्त्रीय काम आहे ते," सार्फो म्हणाला.

"म्हणूनच भीती वाटते."

शेजारी टेटेकाका राहायचे. निवृत्त पोस्टमास्तर, मूळचे अक्राच्या समुद्रकाठचे. शेजाऱ्याच्या घरातलं कुठलंही काम आपल्या सल्ल्याशिवाय पार पडतंय हे त्यांना सहन होत नसे.

"सार्फोसाहेब, कापडावर ढग कशाला?" कुंपणावर दोन्ही कोपर ठेवून ते म्हणाले. "आमच्याकडे कोळी मेला तर माशाच्या आकाराची शवपेटी करतात, मोटारवाला मेला तर मोटारीची. तुम्ही पेटीच ढगाच्या आकाराची करा. माझा भाचा सुतार आहे."

"काका, त्या आयुष्यभर कापड विकायच्या. ढगाचा आणि त्यांचा संबंध काय?"

"तेच तर मी विचारतोय," टेटेकाका म्हणाले, आणि समाधानाने घरात गेले.

काम सुरू झालं. सार्फोने "एनो पोकुवा अंत्यविधी समिती" या फोनवरच्या गटावर आवाहन केलं, की प्रत्येकाने एनोबद्दल मनापासून चार ओळी लिहून पाठवाव्यात. लगेच सगळ्यांची हात जोडलेली चित्रं आली. चार ओळी कुणाच्याच आल्या नाहीत. "लिहितोय," "आजच लिहितो," "शब्द सुचत नाहीत, इतकं दुःख आहे," आणि या दुःखानंतर त्याच माणसाचं, "मैदानावर तंबू किती लावणार आहात?"

एक श्रद्धांजली मात्र पोचली. चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा मदर कॉन्स्टन्स यांची. चांगली लांबलचक, भारदस्त. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की आपले लाडके बंधू जोसेफ यांनी चर्चच्या छपरासाठी जे कष्ट घेतले ते मंडळ कधी विसरणार नाही. सार्फोने भीतभीत फोन केला.

"तेवढं नाव बदलून घे ना," मदर म्हणाल्या. "छपराचं राहू दे. छप्पर सगळ्यांचंच असतं."

एका श्रद्धांजलीवर ढग होत नाही, फार तर धुकं होतं. सार्फो मामांकडे गेला. मामांनी ऐकून घेतलं आणि निवाडा दिला.

"त्या गटावर ज्याने जे काही लिहिलंय ते सगळं घे. एकाचाही शब्द सुटता कामा नये. मागच्या अंत्यविधीला फलकावर एका चुलतभावाचं नाव राहिलं. तो अजून माझ्या घरचं पाणी पीत नाही."

"पण मामा, त्यात इकडचं तिकडचंही..."

"समिती कुणाची आहे?"

"एनोंची."

"मग त्यात इकडचं तिकडचं कसं असेल? सगळं तिचंच असणार!"

हा तर्क सार्फोला चुकीचा वाटला. पण सासरच्या वडीलधाऱ्याचा तर्क चुकीचा आहे हे तोंडावर सांगण्याचं शिबिर त्याने केलेलं नव्हतं.

त्यातच कुणीतरी ढगाचा नियम फोडला. जास्त वेळा येईल तो शब्द मोठा! आता अंत्यविधीच्या फलकावर कुणाचं नाव किती ठळक, कोण वर, कोण खाली, यावरून आपल्याकडे सख्खे भाऊ कोर्टात जातात. दुसऱ्या दिवसापासून गटावर माणसं आपलंच नाव घेऊ लागली. एक चुलत मेहुणा सकाळी उठून लिहायचा, "अन्नोर हजर आहे." दुपारी, "अन्नोरला दुःख आहे." संध्याकाळी, "अन्नोर झोपायला जातोय." महिला मंडळाने तर पाळ्या लावल्या. सार्फोचा फोन उशाशी मांजरासारखा गुरगुरत राहायचा.

"मानपान, मानपान!" सार्फो वैतागून म्हणाला. "मेलेल्या बाईचं कुणाला काही पडलंच नाही."

"तुम्ही तरी फार काय लिहिलंत?" सेरवा भाजी चिरता चिरता म्हणाली. "'मजकूर लवकर पाठवा' याशिवाय?"

 सार्फोने संगणक उघडला.

गटावरचा सगळा मजकूर उचलून त्याने ढग काढला, आणि नमुना छापून घ्यायला सिस्टर विदाकडे गेला. बाजाराच्या मागे तिचं दुकान होतं, "देवाची दया: छपाई व थंडगार पाणी". नमुना बघून तो स्वतःच बुचकळ्यात पडला. मधोमध दोनच प्रचंड शब्द: मीडिया आणि ऑमिटेड. बाकी घराणं त्यांच्या आजूबाजूला मुंग्यांसारखं. खुलासा सोपा होता. गटावर जिथे जिथे कुणी फोटो किंवा गाणं पाठवलं होतं तिथे तिथे फोनने आपल्या बुद्धीने, 'फोटो-गाणी वगळली' या अर्थाचे, हे दोन शब्द टाकले होते. पण तो खुलासा व्हायच्या आत नमुना मामांच्या हातात पडला.

मामांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"हा मीडिया कोण?"

"मामा, तो कुणी नाही..."

"कुणी नाही आणि माझ्याहून मोठा? आणि हा ऑमिटेड? आपल्या घराण्यात ऑमिटेड कुणी नाही. तुझ्याकडचे आहेत का?"

"नाही हो मामा!"

"सासूच्या अंत्यविधीत आपले नातेवाईक घुसवतोस?"

सार्फोने घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. शेवटी मीडिया आणि ऑमिटेड या दोघांना घराण्यातून काढण्याचा ठराव झाला. ते गेल्यावर खालून "आमेन" वर आला. आपल्याकडे साध्या खुर्च्यांची चौकशीही आमेनशिवाय संपत नाही, त्यामुळे त्याचा आकार तंबूएवढा. तोही काढावा असं सार्फोने सुचवलं मात्र, मदर कॉन्स्टन्सचा फोन आला. "आमेन काढतोस? तुला रात्री झोप कशी लागते रे?" अखेर तोड निघाली. आमेन काढायचा नाही, पण वरच्या कोपऱ्यात सोनेरी रंगात वेगळा लिहायचा, म्हणजे तो स्वर्गात गेल्यासारखा दिसेल. मदर खूश झाल्या.

आमेन वर गेला तसा खालून अन्नोर आला. पाठोपाठ बाकीचे. मामांनी कपाळाला हात लावला आणि दुसरा निवाडा दिला, की जिवंत माणसाचं एकही नाव नको, नाव फक्त एनोचं. सार्फोला हा निवाडा मनापासून पटला. त्याने एकेक नाव वेचून काढलं. वरचे शब्द काढले की खालचे वर येतात, हे शिबिरात शिकवलं होतं, आणि खाली काय असणार याची त्याला खात्री होती. प्रेम असणार, आई असणार, माया असणार. माणसं वरवर कशीही वागोत, खाली मायाच असते, असा त्याचा आकडेवारीबाहेरचा विश्वास होता.

शेवटचं नाव काढून त्याने बटण दाबलं, आणि वीज गेली.

गेली ती गेलीच. अंत्यविधी उद्यावर. दुपारी मिनिटभर आली, तेवढ्यात त्याने पुन्हा बटण दाबून फाईल विदाला पाठवून दिली. उघडून बघायला सवडच मिळाली नाही. विदाकडे जनरेटर होता. संध्याकाळी तिने गुंडाळी हातात दिली.

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

"रंग छान आलेत."

"आणि शब्द?"

"साहेब, मी वाचत बसले तर छापणार कोण?"

गुंडाळी उघडून बघावी असं त्याला फार वाटलं. पण सेरवाने ती आधीच काळ्या कापडात बांधून, गाठ मारून ठेवली. जावयाची भेट मैदानावर पोचेपर्यंत झाकलेलीच राहते, रीत आहे. "आता अवलक्षण नको," ती म्हणाली.

शनिवारी ममपाँगचं मैदान काळ्या-लाल कापडांनी भरून गेलं. एनोला सकाळीच मातीत ठेवलं होतं. पांढरी घोडागाडी तिला पोचवून आली होती, आणि लोक अजून त्या गाडीचंच बोलत होते. कारण ऐन मिरवणुकीत घोडा अडून बसला, आणि हॅम्बुर्गहून आलेल्या ओपोंगला सुटाबुटात गाडी मागून ढकलावी लागली. सार्फोला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. आता सगळ्यांच्या नजरा त्याच्या गुंडाळीवर होत्या. पुढे ढोलवाले, मागे सार्फो आणि सेरवा. सेरवाची मान आज ताठ होती.

ध्वनिवर्धकावर जो निवेदक होता त्याचा आवाज म्हणजे मोठाच ऐवज. जे समोर येईल ते गर्जून सांगायचं, हा त्याचा धंदा.

"आणि आता! धाकटे जावई! सार्फोसाहेब! एनो पोकुवा यांच्यासाठी, सगळ्या घराण्याच्या मनातले शब्द!" गाठ सुटली, फलक उलगडला. निवेदक गरजला, "तंबू!"

ढोल थांबले.

"खुर्च्या!" थांबायचं कसं हे त्या माणसाला शिकवलेलंच नव्हतं. "कोण आणणार! कापड! उशीर! हॅम्बुर्ग! जेवण! परत विचारा!... आणि वरच्या बाजूला, सोनेरी अक्षरांत, आमेन!"

"आमेन," मैदानातून सवयीने आवाज आला.

सार्फोच्या पायाखालची जमीन सरकली. डोकं मात्र, अशा वेळी नको तिथे चालतं तसं, हिशेब करत राहिलं. नावं काढली, आमेन हलवला, मग खाली उरलं ते हे. माया नव्हती. तंबू होता. त्याने सेरवाकडे बघायचं धाडस केलं नाही. ओपोंग हसला. दोन-चार जण त्याच्या जोडीला हसले.

बादूमामा उठले. काठी टेकत टेकत फलकापाशी आले. चष्मा लावला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा वर. 

"जावईबापू," ते म्हणाले, "यात माझी बहीण कुठे आहे?"

 सार्फो फलकाजवळ गेला आणि शोधू लागला. मामा शोधू लागले. मदर कॉन्स्टन्स पुढे आल्या, त्यांच्यामागून महिला मंडळ. अन्नोर आला. मागची माणसं पुढच्यांना विचारू लागली, "सापडली का?" "नाही अजून." "त्या 'खुर्च्यां'च्या मागे बघा." अफ्रा आली, काळा चष्मा डोक्यावर सरकवून अक्षरावर अक्षर बघू लागली. सगळं घराणं आपल्या मेलेल्या माणसाला शोधत होतं, आणि कुणालाच ती सापडत नव्हती.

सेरवा जागची हलली नव्हती. आता ती आली. गर्दीने वाट दिली. ती खाली उकिडवी बसली आणि डाव्या कोपऱ्यात, "परत विचारा" च्या खाली, तिने बोट ठेवलं. एनो पोकुवा. तीळभर अक्षर. शेजारी त्याहून बारीक, "आई".

"ही इथे आहे," ती म्हणाली.

"तुला कसं सापडलं?" अफ्राने विचारलं.

"मी लिहिलं होतं. 'आपल्या आईला, एनो पोकुवाला, कुठलं कापड नेसवायचं?' असं विचारलं होतं मी गटावर. कुणी उत्तर दिलं नाही, मग माझं मीच ठरवलं."

अफ्रा खाली तिच्या शेजारी बसली. महागड्या कापडाला लाल माती लागली, तिने बघितलंही नाही. "हे सगळं माझंच आहे गं," ती फलकावरच्या मोठमोठ्या अक्षरांकडे बघत म्हणाली. "तंबू माझाच. खुर्च्या माझ्याच. सेरवा, ती शेवटी काय म्हणाली ते मी तुला एकदाही विचारलं नाही."

"म्हणाली, सूपमध्ये मीठ कमी आहे."

अफ्रा रडता रडता हसली. "मग तू काय केलंस?"

"घातलं. तर म्हणाली, आता जास्त झालं."

"तीच!" बादूमामा काठीवर हसत सुटले. "तीच ती माझी बहीण! आयुष्यात एकदाही तिला मीठ बरोबर लागलं नाही!" आणि हसता हसता त्या ताठ म्हाताऱ्याचे डोळे वाहू लागले. मग कुणीतरी सांगितलं की एनो कापड मोजताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघायची आणि हात आपोआप आखडायचा. मदर कॉन्स्टन्स म्हणाल्या की छपराच्या वर्गणीवरून ती आपल्याशी वर्षभर बोलली नव्हती, आणि बरोबर तिचंच होतं. निवेदकाला हे सगळं गर्जून सांगायचं होतं, पण मामांनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला. त्या फलकापाशी एवढी गर्दी झाली की घोडागाडीजवळ घोडा एकटा उभा होता.

सार्फोचं नाक राहिलं की गेलं, याचा निकाल ममपाँगमध्ये अजून लागलेला नाही. टेटेकाकांचं मत असं की पेटी ढगाच्या आकाराची केली असती तर हे झालंच नसतं. फलक मामांनी ठेवून घेतला. घरात, बैठकीच्या भिंतीवर लावला. कुणी मोठ्याने बोलायला लागलं की ते काठीने नुसतं तिकडे दाखवतात.

पुढच्या वर्षी एनोचा पहिला स्मृतिदिन आला आणि गट पुन्हा जागा झाला. सार्फोने कानाला खडा लावला होता, ढगाचं नाव काढायचं नाही. पण घराण्याने धसका घेतला होता. कोण कधी मोजेल, काय सांगावं! सार्फो सकाळी चहा पिता पिता फोन वाचू लागला आणि बायकोला हाक मारली.

"ऐक. ओपोंग लिहितोय, 'एनो पोकुवा. तंबू किती लावायचे?' मदर लिहितात, 'एनो पोकुवा, आई, एनो पोकुवा. जेवण कोण बघणार? आमेन.' आणि हा अन्नोर, 'एनो पोकुवा. अन्नोरला यायला उशीर होईल. एनो पोकुवा.'"

सेरवा ओल्या हातांनी आली आणि त्याच्या खांद्यावरून वाचू लागली. वाचता वाचता तिला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते तिने मनगटाने पुसलं आणि फोन हातात घेतला. आता ही काय लिहिते, म्हणून सार्फो बघत राहिला.

तिने लिहिलं, "खुर्च्या मी आणते." आणि ती मीठ बघायला आत गेली.